लोकमान्य टिळकांचे सोपे चित्र कसे काढावे?

प्रश्न असा आहे: मुलगी पाचवीत आहे, १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथीसाठी शाळेत चित्र न्यायचे आहे, घरात कुणालाच चित्रकला येत नाही, काय करावे? चित्र मुलगी काढणार की तुम्ही, हे मी विचारत नाही.

मी चित्रकार नाही. पण गिरगावात चाळीच्या जिन्याखाली एक फळा होता आणि दरवर्षी त्यावर खडूने टिळक काढायचे काम शाळकरी वयात माझ्या गळ्यात पडले होते. पहिल्या वर्षी पूर्ण दुपार घालवून डोळे काढले, अगदी पापण्यांसकट. संध्याकाळी तळमजल्यावरच्या आजींनी चष्मा वर करून विचारले, "हा कोण रे, नवरदेवाचा मामा?"

त्यांचे बरोबर होते. मी पगडीऐवजी फेटा काढला होता, वर शेमलाही सोडला होता. फेटा डोक्यावर बांधतात. पुणेरी पगडी आधीच बांधून, शिवून तयार असते, टोपीसारखी उचलून डोक्यावर ठेवायची. तिला लोंबणारे टोक नसते. घड्या घट्ट आणि पुढच्या बाजूला उंचवटा. हा फरक चुकला की खाली कितीही सुंदर डोळे काढा, टिळक होत नाहीत.

विश्वास बसत नसेल तर एकदा मावळतीच्या वेळी गिरगाव चौपाटीला जा. १९२० साली टिळक क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात वारले आणि अंत्यसंस्कार चौपाटीवर झाले, तिथेच त्यांचा पुतळा आहे. रस्त्याच्या बाजूने पाहिले तर मागे सूर्य असतो, चेहरा काळा पडतो, डोळे-नाक काही दिसत नाही. तरी ओळखायला येतात. का, ते बघा. पगडी, खांदे आणि उपरणे. बस. जवळून पाहिले तर त्यात मिशीची भर. कागदावर एवढेच आणायचे आहे.

आता कागद. ए-फोर आकाराचा उभा धरा. वरून ६ सेंटिमीटरवर एक बारीक खूण, १८ सेंटिमीटरवर दुसरी. या दोन खुणांमध्ये साडेआठ सेंटिमीटर रुंदीचे अंड्यासारखे डोके काढा, टोकदार बाजू खाली. हो, पूर्ण डोके, टक्कल असल्यासारखे. पगडी अजून नाही. नवशिके इथेच फसतात. ते आधी चेहरा काढतात आणि उरलेल्या जागेत डब्याच्या झाकणासारखी पगडी ठेवतात, मग कपाळ हातभर होते.

डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात, म्हणजे कागदाच्या वरून १२ सेंटिमीटरवर. ते वर ढकलावेसे वाटतात, ढकलू नका. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याइतके अंतर. नाकाचे टोक १५ वर, ओठांची रेघ १६ वर. कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत. माणूस बदलला तरी ही मापे फार बदलत नाहीत, तेव्हा पुढच्या जयंतीलाही चालतील.

मग पगडी. तिची खालची कड साडेनऊवर, म्हणजे कपाळाच्या मध्यावर येऊ द्या आणि ती सरळ पट्टीने मारू नका, किंचित गोलावा हवा. दोन्ही बाजूंना डोक्याच्या थोडी बाहेर, वर साधारण ४ सेंटिमीटरपर्यंत. आता पगडीत झाकलेले डोके खोडून टाका. पगडीच्या कडेखाली कपाळावर करड्या सावलीची एक अरुंद पट्टी द्या. ही पट्टी दिली की पगडी डोक्यावर बसते. नाहीतर ती हवेत तरंगत राहते. मला हे कळायला तीन ऑगस्ट लागले.

मिशी केसाकेसाने काढत बसू नका. वरचा ओठ जवळजवळ झाकणारा एकच जाड आकार काढा आणि ४बी पेन्सिलीने (मऊ शिशाची, गडद उमटणारी) भरा. (फळ्यावर उलटे असते, तिथे चेहरा खडूने भरायचा आणि मिशीची जागा कोरी सोडायची. एका वर्षी मी मिशीही भरली, टिळक एकदम नव्वदीचे दिसू लागले.) डोळ्यांना वरच्या पापणीची ठळक रेघ आणि बुबुळ पुरे.

खांद्यांचा हिशेब वेगळाच. १२ सेंटिमीटरच्या डोक्याला खांदे साधारण २४ सेंटिमीटर हवेत आणि कागद २१चाच आहे. म्हणून ते दोन्ही बाजूंनी कागदाबाहेर जाऊ द्या. सगळे कागदात बसवायला गेलात की बाटलीवर बूच ठेवल्यासारखे दिसते. उपरण्याच्या दोन-तीन तिरप्या रेघा, अंगरख्याचा गळा, झाले. रंगवायचे असेल तर फक्त पगडी लाल करा, बाकी पेन्सिलच छान दिसते.

चौकटी आखून फोटो उतरवायची पद्धत बरेच जण सुचवतील. उद्याच द्यायचे असेल तर जरूर वापरा, वाईट काही नाही. पण त्यात मुलगी चौकटी मोजते, चेहरा बघत नाही. हाताशी दोन संध्याकाळी असतील तर पहिलीत नुसती बाह्यरेषा पाच-सहा वेळा जुन्या वहीच्या मागे काढू द्या.

झाले की खाली नाव लिहायच्या आधी शेजारी कुणाला तरी दाखवा. "टिळक" म्हणाले तर खोडरबर लगेच लपवा.

आणि ड्रॉइंग पेपर दोन आणा. अण्णाभाऊ साठे जन्मले तेही १९२० च्या १ ऑगस्टलाच. बाईंचा दुसऱ्या चित्राचा निरोप ग्रुपवर रात्री साडेदहाला येतो आणि तोवर स्टेशनरीवाल्याचे शटर खाली गेलेले असते.