जुनी जावा पुन्हा चालती करताना

प्रश्न : आमच्या मखमलाबादच्या मळ्यातील पडवीत माझ्या दिवंगत वडिलांची 1971 सालची जावा 250 ही मोटारसायकल अनेक वर्षे उभी आहे. किक दबत नाही, टाकीत गंज साठला आहे आणि क्रोम काळवंडले आहे. नोंदणी पुस्तक मात्र जपून ठेवलेले सापडले. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, ‘गाडी आणून टाका, सगळी उघडून नवी करून देतो.’ सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गाडी नवी करून घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, कारण आपल्याला ती नवी करायची नसून चालती करायची आहे आणि या दोन कामांत फार अंतर आहे. आपली जावा म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला, त्यामुळे मूळ सुट्या भागांचा साठा आता वाढणार नाही. बाजारात नव्याने बनवलेले मडगार्ड, सायलेन्सर, दांडे मिळतात, परंतु त्यांचा पत्रा आणि माप मूळच्या तोडीचे असेलच असे नाही. म्हणून पोचे पडलेले मूळ मडगार्ड सरळ करून घेणे हे नवे चकचकीत मडगार्ड लावण्यापेक्षा बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते. काढलेला एकही भाग, अगदी झिजलेला बोल्टसुद्धा, काम पुरे होईपर्यंत भंगारात जाऊ देऊ नये. गाडी उघडण्यापूर्वी प्रत्येक बाजूने, विशेषतः वायरी आणि केबल जिथून जातात तिथले, भरपूर फोटो काढून ठेवावेत.

या आग्रहाला कायद्याचाही आधार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ स्वरूपात असावी आणि तिच्या चॅसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. मात्र अशा गाडीचा रोजचा वापर करता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. आपल्याला गंगापूर धरणापर्यंत नेहमी फेरी मारायची असेल, तर दर पाच वर्षांनी होणारे नोंदणीचे नेहमीचे नूतनीकरणच योग्य. त्याआधी वारस म्हणून नमुना 31 भरून गाडी आपल्या नावावर करावी लागेल. इतक्या जुन्या गाडीची नोंद अनेकदा केवळ कार्यालयीन रजिस्टरमध्येच असते, संगणक प्रणालीत नसते. त्यामुळे इंजिनावर पैसा घालण्यापूर्वी पेठ रोडवरील परिवहन कार्यालयात पुस्तक दाखवून खात्री करावी. पुस्तकातील चॅसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळवून पाहावेत. रंगकाम करणाऱ्याने हे क्रमांक ग्राइंडरने घासू नयेत किंवा जाड रंगाखाली बुजवू नयेत, हे त्याला आधीच बजावून ठेवावे.

आता इंजिन. किक दबत नाही याचा अर्थ बहुधा पिस्टन सिलिंडरला गंजाने धरला आहे, क्वचित किकच्या यंत्रणेतच अडचण असते. कोणत्याही परिस्थितीत किकवर उभे राहून जोर लावू नये; जावाच्या किकचा आणि गिअरचा दांडा एकच असल्याने मोडतोड झाली तर दोन्ही कामे अडतात. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून गंज सोडवणारे तेल ओतावे आणि काही दिवस मुरू द्यावे. मग गाडी वरच्या गिअरमध्ये घालून मागचे चाक हलक्या हाताने पुढे-मागे करावे. तरीही हालचाल नसेल तर हेड उतरवून सिलिंडर पाहावा, पण पिस्टनवर हातोडी चालवू देऊ नये, कारण त्याने पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

पिस्टन सुटला, प्लगला ठिणगी आली आणि इंजिन सुरू झाले, की बहुतेकांना काम संपल्यासारखे वाटते. खरा धोका तिथेच असतो. जावासारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे सिलिंडरखालच्या बंद पेटीत येते, म्हणून तिथे फिरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, दोन्ही टोकांची ऑइल सील हवाबंद असावी लागतात. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत ही रबरी सील कडक होऊन चिरतात. बाहेरची हवा आत शिरली की मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि चांगला बोअर केलेला, म्हणजे आतून कातून घेतलेला, सिलिंडरही पुन्हा जाम होतो. क्लचच्या बाजूचे सील गळाले तर तिथले ऑइल आत ओढले जाऊन पांढरा धूर थांबत नाही. म्हणून इंजिन एकदा पूर्ण उघडून सील आणि बेअरिंग बदलावीत, बिग एंडमधील, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची, ढिलाई तपासावी आणि मगच सातपूर-अंबड भागातील एखाद्या जाणत्या कारागिराकडून, नवा पिस्टन हातात देऊन, त्याच्या मापाने सिलिंडर बोअर करून घ्यावा. या खर्चात काटकसर करू नये. रंग दोन वर्षांनी दिला तरी चालतो.

टाकीतला गंज पूर्ण काढल्याशिवाय कार्बोरेटर साफ करण्यात अर्थ नाही. सध्याच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व वॉशर खराब करते. त्यामुळे इथेनॉल सहन करणारी नळी वापरावी आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे ठेवावेत. टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल, पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र एकदाही विसरू नये, कारण या इंजिनाला वंगण मिळण्याचा दुसरा मार्ग नाही. क्रोमसाठी एवढेच सांगावेसे वाटते की खाली निकेलचा पुरेसा थर आहे का, हे विचारून घ्या. तो पातळ असला तर पहिल्याच पावसात गंजाचे ठिपके उठतात.

प्रश्न : सिन्नरजवळ एक येझदी स्वस्तात मिळते आहे, पण विक्रेत्याकडे कोणतेही कागद नाहीत. नंतर ते करता येतील असे तो म्हणतो. घ्यावी का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : घेऊ नये. मूळ नोंदणीचा पत्ता नसेल तर गाडी आपल्या नावावर होणार नाही, विमा मिळणार नाही आणि ती चोरीची निघाल्यास जाब आपल्याला द्यावा लागेल. कागद नंतर होतील असे विक्रेत्याला खरेच वाटत असेल, तर ते त्याने स्वतः आधी करून आणावेत आणि किंमत त्यानंतर ठरवावी. तोपर्यंत विसारही देऊ नये.