झाडावर करवत चालवण्याआधी

उन्हाळा चढू लागला की गृहनिर्माण संस्थांच्या फलकांवर छाटणीच्या सूचना लागतात आणि माझ्याकडे येणारी पत्रेही त्याच विषयाची असतात. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या आवारात तीन पर्जन्यवृक्ष आणि दोन सोनमोहर आहेत. एक ठेकेदार म्हणतो, ‘लाकूड आम्हाला द्या, मजुरी नको.’ दुसऱ्याने बरीच मोठी रक्कम सांगितली आहे. काम कोणाला द्यावे? (एका संस्थेचे सचिव, ठाणे)

जो मजुरी नको म्हणतो, त्याची मजुरी तुमच्या झाडातूनच निघणार आहे. वाळक्या, किडक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढल्या तर त्यातून विकण्याजोगे लाकूड फारसे मिळत नाही. ते मिळते मांडीएवढ्या जाड, निरोगी फांद्यांतून. त्यामुळे असा माणूस प्रामाणिक असला तरी त्याची करवत नेमकी नको तिथेच जाते. लाकडाचा हिशेब आणि छाटणीचा मोबदला हे दोन व्यवहार पूर्णपणे वेगळे ठेवावेत, हा माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे.

दुसऱ्या ठेकेदाराने अधिक पैसे मागितले म्हणून तो जाणकार ठरतो असेही नाही. त्याला झाडाखाली उभे करा आणि विचारा, ‘यातले काय काढणार, आणि का?’ जो एकेका फांदीकडे बोट दाखवून कारण सांगतो, तो कामाचा माणूस. जो ‘वरून दहा फूट उडवून टाकू, दोन वर्षे बघायला नको’ असे म्हणतो, त्याला चहा पाजून परत पाठवावे. शेंडा उडवलेले झाड मरत नाही, उलट जोमाने फुटते, आणि तिथेच लोकांची फसगत होते. कापलेल्या टोकाजवळ फुटणारे ते सरळसोट फुटवे खोडाच्या आतून आलेले नसतात, ते वरच्या थरालाच धरून असतात. दोन-तीन पावसाळ्यांत ते जड होतात, तोवर खालचे कापलेले टोक कुजू लागलेले असते आणि वादळात ते तिथूनच निखळतात. म्हणजे ज्या धोक्याच्या भीतीने छाटणी केली, तोच धोका आपण पैसे मोजून तयार करतो. सावली एकदम गेल्याने उघड्या पडलेल्या सालीला ऊन लागून ती तडकते, हे आणखी वेगळे.

एका हंगामात हिरव्या पर्णसंभारापैकी पाव हिश्श्याहून अधिक काढू नये, आणि म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहूनही कमी काढावा. रस्त्याच्या किंवा इमारतीच्या एकाच बाजूच्या फांद्या साफ करून झाड एकांगी करू नये. मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात उन्मळणाऱ्या अनेक झाडांचा तोल असाच बिघडवलेला मला दिसला आहे.

जड फांदी तीन कापांत उतरवावी लागते. पहिला काप खोडापासून हातभर दूर, खालच्या बाजूने अर्धवट. दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल ओरबाडून नेत नाही. आणि उरलेला खुंट तिसऱ्या कापाने, फांदी खोडाला मिळते तिथल्या सुरकुतलेल्या फुगीर कडेच्या किंचित बाहेर. ही कड कापली गेली तर जखम बुजत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून कीड आत नेतो. तुमच्या ठेकेदाराने हे न विचारता सांगितले, तर निम्मी परीक्षा तिथेच झाली.

उरलेली परीक्षा माणसांच्या जिवाची आहे. वर चढणाऱ्याला हार्नेस, हेल्मेट आणि झाडाला स्वतंत्र बांधलेला दोर आहे का, जड फांद्या कप्पीवरून दोराने उतरवणार की तशाच खाली सोडणार, कामगारांचा अपघात विमा आहे का, हे लेखी घ्या. विजेची तार जवळून जात असेल तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही चढू देऊ नका. कमरेला नायलॉनची दोरी गुंडाळून, अनवाणी पायांनी, एका हाताने चेनसॉ चालवणारी मुले मी पाहिली आहेत. संस्थेचे चार पैसे वाचावेत म्हणून त्यांना असे वर चढवण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

एक गोष्ट राहून जाते, ती घरट्यांची. एप्रिल ते जून हा कावळ्यांचा विणीचा काळ, आणि पाऊस सुरू झाला की बगळे, वंचक, पाणकावळे पर्जन्यवृक्षांवर वसाहती करतात. पक्ष्यांची अंडी व घरटी यांना धक्का लावणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्याच व्याख्येत येते. म्हणून छाटणी मे महिन्यावर न ढकलता जानेवारी-फेब्रुवारीत उरकावी आणि तरीही चढण्याआधी दुर्बिणीने शेंडा पाहून घ्यावा.

प्रश्न : इमारतीसमोरचा जुना गुलमोहर थोडा कललेला आहे आणि बुंध्याशी फळीसारखी तपकिरी, कडक भूछत्रे उगवली आहेत. काही रहिवासी झाड ताबडतोब तोडा म्हणतात, काही हात लावू देत नाहीत. (वाचक, पुणे)

दोन्ही गटांनी आधी झाड तपासून घ्यावे. कलणे हे स्वतः धोक्याचे लक्षण नाही. लहानपणापासून कललेल्या झाडाचा शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला दिसतो. पण कल नवीन असेल, कलाच्या विरुद्ध बाजूची जमीन उचलली गेली असेल किंवा तिला भेगा पडल्या असतील, तर मुळे सुटत आहेत असे समजावे, त्या झाडाखालची वाहने हलवावीत आणि माणसांचा वावर थांबवावा.

भूछत्रांची गोष्ट अधिक गंभीर आहे. तुमच्या वर्णनावरून ती गॅनोडर्मा जातीच्या बुरशीची वाटतात. ही बुरशी मुळे आणि बुंध्याचे लाकूड आतून कुजवते, आणि वर पालवी हिरवीगार असतानाही झाड पडू शकते. गुलमोहराची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ असल्याने त्याच्या बाबतीत मी अधिक सावध असतो. वृक्षतज्ज्ञ लाकडी हातोडीने बुंधा ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते ऐकतो. शंका राहिली तर बारीक सुईसारखे ड्रिल खोडात घालून किंवा ध्वनिलहरी सोडून आत किती निरोगी लाकूड उरले आहे हे मोजता येते. खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीची निरोगी भिंत भोवताली असेल, तर पोकळ झाडही बहुधा उभे राहते, असा एक ढोबळ आडाखा आहे. मात्र तो खोडासाठी आहे, कुजलेल्या मुळांना लागू नाही. म्हणून बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने उकरून मुख्य मुळे पाहण्याचा आग्रह धरा.

तोडायचे ठरलेच, तर निर्णय तुमच्या सभेचा नसतो. 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार खासगी आवारातले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि ‘तोडणे’ या शब्दात झाड जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणेही येते. महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे छायाचित्रांसह अर्ज करा आणि तज्ज्ञाचा लेखी अहवाल जोडा; छाटणीसाठीही तिथूनच परवानगी घ्यावी. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावण्याची अट आहे. ‘परवानगीचे आम्ही पाहून घेतो’ म्हणणाऱ्या ठेकेदाराकडून तो कागद हातात आल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका. झाड आत्ताच कोसळते आहे असे दिसले तर मात्र ठेकेदार शोधत बसू नका, अग्निशमन दलाला 101 वर कळवा. मुंबईत महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक 1916 आहे.

प्रश्न : वाडीतल्या नारळांवर चढणारी माणसे मिळेनाशी झाली आहेत. एकाने चढण्यासाठी खोडाला खोबण्या पाडू असे सुचवले. पाडू द्याव्यात का? (वाचक, अलिबाग)

मुळीच नाही. नारळाच्या खोडाला आंबा-फणसासारखा दरवर्षी नवा थर चढत नाही, त्यामुळे त्यावर पडलेली खोबण कधीच भरून येत नाही. तिथे पाणी साचते आणि जखमेच्या वासावर खोड पोखरणारा सोंड्या भुंगा येतो. चढण्याचे यंत्र वापरणारा माणूस शोधा. शेंडा साफ करताना हिरव्या झावळ्या काढू नयेत, फक्त वाळलेल्या आणि लोंबणाऱ्या काढाव्यात, आणि नारळ उतरवतानाच शेंडा पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याची भोके आहेत का ते वरच्या माणसाला पाहायला सांगावे.

प्रश्न : कडुनिंबाची मोठी फांदी कापल्यावर ठेकेदाराने जखमेला डांबर लावले आणि बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून दिले. हे योग्य आहे का? (वाचक, पुणे)

दोन्ही चुकीचे. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतून भिंती घालून वेगळा पाडते आणि बाहेरून नवे लाकूड त्यावर चढवते. अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून हे दाखवून दिले. डांबराने त्या कामाला मदत होत नाही, आत ओल मात्र कोंडते. जे लावले ते आता खरवडू नका, नवे लावू नका.

पेव्हर ब्लॉक मात्र तातडीने काढा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. झाडाभोवती किमान एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीसंदर्भात दिला होता. माझ्या मते ते किमान आहे, जागा असेल तर अधिक सोडावी. ब्लॉक पहारीने उचकटताना वरची मुळे तुटतात, म्हणून ते हाताने काढून घ्या, मोकळ्या मातीवर दोन-तीन इंच पालापाचोळा पसरा आणि तो खोडाला चिकटू देऊ नका.