चष्मा लागला तर लायसन्स जातं का?

आठवड्यातून दोन-तीन जण तरी हे विचारतातच, तेही आवाज असा बारीक करून की जणू शेजारच्या खुर्चीत आरटीओचा साहेबच बसलाय. मी डोळ्यांच्या दवाखान्यात समुपदेशक आहे. एका काकांचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय.

वय 56, नाशिककडचे, स्कूल व्हॅन चालवतात. लायसन्स जुलैत संपणार होतं आणि मावशी त्यांना फेब्रुवारीतच जवळजवळ ओढत घेऊन आल्या. काका म्हणे, "मॅडम, मला सगळं दिसतं हो, गाडीची काचच खराब झालीय." वायपर बदलून झाला, शाम्पूने काच धुतली, पेपरने घासली, तरी रात्री समोरून गाडी आली की लाईटचा नुसता फुलोरा दिसतो म्हणे. मावशी हळूच म्हणाल्या, एजंटशी बोलणं झालंय, न तपासता सर्टिफिकेट मिळतंय.

मी रागावले बिगावले नाही. म्हटलं चला काका, जरा पार्किंगमध्ये जाऊ.

कमर्शियल लायसन्सला दर 5 वर्षांनी डॉक्टरांचा फॉर्म वन-ए लागतो, साधं लायसन्स असलं तरी चाळिशीनंतर लागतोच. त्यात काय विचारतात तर दिवसाउजेडी 25 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, नजरेत दोष असेल तर तो चष्म्याने सुधारलाय का. म्हणजे चष्मा चालतो! काकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं म्हणा.

पस्तीसेक पावलं मोजून उभं केलं. दोन्ही डोळ्यांनी "एमएच पंधरा" लगेच वाचलं, पुढचे आकडे अडखळत. मग त्यांचा डावा डोळा मी हाताने झाकला तर काका एकदम गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, "प्लेट पांढरी आहे."

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगलाच पिकला होता, डाव्यात सुरुवात. ऐकून डोळ्यात पाणीच आलं त्यांच्या, "संपलं म्हणजे आता". मी म्हटलं, अहो काका, मोतीबिंदू निघतो, काचबिंदू असता तर गेलेली नजर परत आली नसती, तेव्हा आधी आलात हे बरंच झालं. लायसन्स संपायच्या आधी वर्षभर रिन्यूअलचा अर्ज करता येतो, म्हणजे वेळही हातात होता.

तारखेवरून मात्र तासभर घासाघीस चालली, कारण शाळा चालू असताना ते काही ऐकेनात. शेवटी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मे महिन्याच्या सुट्टीत ठरलं, तोवर व्हॅनवर भाच्याला बसवलं (हे मावशींनी परस्पर ठरवून टाकलं), महिना-सव्वा महिन्याने चष्म्याचा नंबर काढला, डॉक्टरांनी गाडी चालवायला हो म्हटल्यावरच फॉर्म भरला. लायसन्स झालं.

परवा डाव्या डोळ्याची तारीख विचारायला आले होते. दिवाळीच्या सुट्टीतलीच पाहिजे म्हणे. आणि जाता जाता, "मॅडम, तो वायपर उगाच बदलला हो, साडेचारशे गेले."