स्त्रीवादी विज्ञानकथा: सुरुवात कुठून कराल?

मोठी यादी नंतर. आत्ता तीनच घ्या, याच क्रमाने.

१. रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम'. १९०५ साली मद्रासच्या मासिकात आलेली छोटी इंग्रजी कथा. पुरुष पडद्याआड, राज्यकारभार बायकांकडे, आणि शत्रूला पळवून लावतं ते एकवटलेलं ऊन! एका बैठकीत होते.

२. ऑक्टेव्हिया बटलर यांची 'किंड्रेड' (१९७९). १९७६ मधली एक कृष्णवर्णीय लेखिका गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते. काळप्रवास कसा घडतो ते बटलर सांगत नाहीत. तुम्हीही शोधत बसू नका. अंगावर येते, सावकाश वाचा.

३. अर्सुला ले ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९). सुरुवात जड जाते, सोडू नका.

नवे वाचक बरेचदा थेट जोआना रस यांच्या 'द फीमेल मॅन'ला हात घालतात आणि दमतात. जबरदस्त कादंबरी आहे, पण थोडं थांबा. दुसरी चूक म्हणजे लिखाणावरून बाई की पुरुष हे ओळखता येतं असं धरून चालणं. विज्ञानकथाकार जेम्स टिपट्री ज्युनियर यांची शैली पुरुषीच आहे, असं नामवंत लेखकानेही छातीठोकपणे लिहिलं होतं. पुढे कळलं, ते टोपणनाव होतं आणि लेखिका होत्या अ‍ॅलिस शेल्डन!

समीक्षेची पुस्तकं आत्ता नकोत. पहिली कथा आजच वाचा.