रुगर १०/२२ टेकडाऊनला हलकं बॅरल बसवलं तर नेम बिघडतो का?

तुम्ही विचारलंय की रुगर १०/२२ टेकडाऊनचं, म्हणजे दोन भागांत खोलता येणाऱ्या पॉइंट टू-टू रायफलचं, कंपनीचं बॅरल (नळी) काढून बाहेरचं हलकं बसवलं तर नेम जातो का आणि बसवताना काय बघायचं. मी हे केलंय, म्हणून सांगतो, बॅरल हलकं आहे म्हणून नेम जात नाही, जातो तो बॅरल आणि रिसीव्हर (रायफलचा मधला मुख्य भाग) यांच्या सांध्यामुळे.

साध्या १०/२२ चं बॅरल दोन स्क्रू आणि व्ही-ब्लॉक नावाच्या धातूच्या पकडीने रिसीव्हरला कायमचं आवळलेलं असतं. टेकडाऊन २०१२ साली आली, तिच्यात तसं नाही, बॅरलच्या मागच्या टोकाला दाते आहेत, ते रिसीव्हरमध्ये घालून पीळ दिला की लॉक होतं. त्यामुळे साध्या १०/२२ चं बॅरल हिला चालत नाही, टेकडाऊनसाठीच बनवलेलं घ्या. आणि लॉकचे सगळे पार्ट डब्यात येतात का जुन्यावरून काढून लावायचेत ते आधीच विचारून घ्या.

हलकी बॅरलं बहुतेक अशी असतात की आत गोळी जाते ती नळी स्टीलचीच, पण बारीक, आणि वरून अॅल्युमिनियम नाहीतर कार्बन फायबरचं आवरण. वजन कमी पण जाडी जास्त, ०.९२० इंच हे नेहमीचं माप. कंपनीच्या फोरएंडची (बॅरलखालचा हाताने धरायचा भाग) खाच निमुळत्या बारीक बॅरलसाठी केलेली असते, तिच्यात हे बसत नाही. एकतर खाच तासून मोठी करा नाहीतर मॅगपुल कंपनीच्या बॅकपॅकरसारखा स्टॉक (रायफलचा दस्ता आणि फोरएंड) घ्या, त्यात जाड बॅरलची सोय आहे. फोरएंड बॅरलला कुठे घासत नाही ना एवढं मात्र बघा.

आता मुख्य गोष्ट. मी बॅरल लावलं, स्कोप (दुर्बीण) लावला, २५ यार्डावर झिरो केला म्हणजे नेम जुळवला, सगळं छान. रायफल खोलून बॅगेत ठेवली, पुढच्या आठवड्यात जोडली तर गोळ्या दीड इंच खाली. स्कोपवर शंका घेतली, त्याचं माउंट (पकड) परत आवळलं, काही फरक नाही. मग एका हातात रिसीव्हर, एका हातात फोरएंड धरून हलकं वाकवून बघितलं तर सांध्यात बारीकसा 'टक' जाणवला. बॅरलच्या मुळाशी खरबरीत रिंग असते ना, ती नव्या बॅरलला मी अॅडजस्टच केली नव्हती. जुन्या बॅरलला हे लक्षात आलं नसतं कारण त्याच्या साइट्स (नेम धरायच्या खुणा) बॅरलवरच असतात, बॅरल हललं तरी साइट सोबत हलते. हलक्या बॅरलवर बहुधा साइट्स नसतात, स्कोप रिसीव्हरवर जातो, मग सांधा केसभर हलला तरी टार्गेटवर दिसतं.

तर करायचं असं. मॅगझिन काढा, बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता भाग) मागे लॉक करा, चेंबर (झाडायची गोळी बसते ती जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही तपासा. रिंग पूर्ण सैल करा, बॅरल घालून फिरवा, लॉक होऊ द्या. मग रिंग रिसीव्हरकडे बोटाने जाईल तेवढी आवळा. बॅरल काढून रिंग एखादी क्लिक अजून आवळा आणि परत जोडा. फिरवताना हाताला जोर लागला पाहिजे पण झटापट नको, आणि लॉकचा आवाज स्पष्ट आला पाहिजे. तो आला नाही तर गोळी अजिबात झाडू नका, रिंग जास्त आवळली गेलीय, एक क्लिक मागे घ्या. नवे पृष्ठभाग थोडे घासून बसतात, म्हणून पहिल्या पन्नासेक गोळ्यांनंतर परत एकदा तपासा. आणि दाते दर वेळी पुसत जा, पॉइंट टू-टूच्या गोळ्यांचं मेण आणि काजळी तिथे साचते आणि तेवढ्यानेही सांधा नीट बसत नाही.

लांबीचंही बघा. अमेरिकेत १६ इंचांपेक्षा आखूड बॅरलची रायफल आधी फेडरल परवानगी आणि नोंदणी केल्याशिवाय बनवणं गुन्हा आहे, आणि पुढे आट्यांवर लावलेला काढता येणारा तुकडा त्या लांबीत धरत नाहीत.

हो आणि एक, या बॅरलांचं चेंबर बहुतेक वेळा कंपनीच्यापेक्षा घट्ट असतं. सीसीआय कंपनीच्या स्टिंगर गोळीची केस (पितळी नळी) नेहमीच्यापेक्षा लांब असते, घट्ट चेंबरमध्ये ती वापरू नका, बॅरलसोबतच्या कागदावर मनाई आहे का ते पहिल्यांदा वाचा.