बौद्धिक अक्षमता असलेल्या बहिणीला डिप्रेशन असू शकतं का? डॉक्टर म्हणतात 'यांचं असंच असतं'

तुम्ही लिहिलंय की बहीण सत्तावीसची आहे, लहानपणापासून बौद्धिक अक्षमता, आणि गेले काही महिने ती गप्प गप्प झालीय, जेवण कमी, पहाटेच उठून बसते. डॉक्टर म्हणाले यांचं असंच असतं. तिच्याच सेंटरमधल्या एका मुलाला मात्र लगेच सायकॅट्रिस्टकडे पाठवलं. मग मुलगी आहे म्हणून असं होतंय का, हा तुमचा प्रश्न.

बऱ्याच अंशी हो. पण मुलाला उपचार मिळतात आणि मुलीला मिळत नाहीत इतकं सरळ नाहीये ते. मी मोठ्या वयाच्या बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांच्या वर्कशॉपमध्ये स्पेशल एज्युकेटर आहे आणि मला दिसतं ते असं की ज्याचा त्रास दुसऱ्यांना होतो त्याला डॉक्टर मिळतो. मुलाने खुर्ची फेकली की त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट, मुलगी कोपऱ्यात बसून राहिली तर कोणाचं काय अडतं?

आमच्याकडे एक जण होती, तिशीतली, हजेरीचं रजिस्टर आलं की पेन ओढून घ्यायची आणि सगळ्यांच्या नावापुढे स्वतः टिक करायची, नाही करू दिलं तर डोक्यावर घर घ्यायची. एक दिवस ते बंद झालं. रजिस्टर समोर ठेवलं तरी हात लावेना, आणि स्टाफ म्हणतोय शहाणी झाली बाई एकदाची! नंतर कपडे ढगळ व्हायला लागले, आणि एकदा हात धुताना बाही वर गेली तेव्हा मनगटाच्या वर चावल्याचे वण दिसले, स्वतःच चावलेले. तेव्हा कुठे धावपळ झाली. डिप्रेशन निघालं, उपचार झाले, आणि ती पुन्हा रजिस्टरवरून भांडायला लागली तेव्हा आम्हाला काय आनंद झाला म्हणून सांगू.

तुमच्या डॉक्टरांनी जे केलं त्याला इंग्रजीत डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणतात, म्हणजे जे काही दिसेल ते मूळच्या अक्षमतेच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं. १९८२ पासून हे लिहिलं जातंय, तरी अजून चालूच आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या १,०२३ प्रौढांची तपासणी करून २००७ मध्ये एक अभ्यास छापून आला. अनुभवी डॉक्टरांच्या निदानाप्रमाणे त्यातल्या जवळजवळ ४१ टक्के लोकांना काही ना काही मानसिक त्रास होता (वागण्याच्या समस्या धरून), पण त्याच लोकांना डीएसएमचे (मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकाचे) सर्वसाधारण निकष लावले तर आकडा १६ टक्क्यांच्याही खाली येतो. माणसं तीच बरं का. कारण ते निकष "मला निराश वाटतं, जगण्यात अर्थ वाटत नाही" असं तोंडाने सांगू शकणाऱ्यांसाठी बनलेत, आणि तुमची बहीण तसं सांगणार नाही, ती फक्त पहाटे उठून बसेल. याच अभ्यासात बाई असणं आणि मानसिक त्रास असणं यांचा संबंधही दिसला होता.

आता मुलांचं. सेंटरमधल्या त्या मुलाला सायकॅट्रिस्ट मिळाला म्हणून तो सुटला असं समजू नका. ब्रिटनमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या सुमारे ३३,००० प्रौढांच्या फॅमिली डॉक्टरकडच्या नोंदी तपासल्या होत्या, २०१५ मध्ये छापून आलं ते, त्यात ज्यांना अँटिसायकॉटिक गोळ्या (मुळात स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर मानसिक आजारांसाठीच्या) दिल्या होत्या त्यातल्या ७१ टक्के लोकांच्या नावावर गंभीर मानसिक आजाराची नोंदच नव्हती. बऱ्याचदा या गोळ्या वागणं शांत करायला दिल्या जातात. मुलगा चिडतोय म्हणजे त्याला राग येतो एवढंच बघतात, तो आतून खचलेला असेल किंवा कोणीतरी त्याच्यावर लैंगिक अत्याचार करत असेल ही शंका मुलाच्या बाबतीत फार कमी लोकांना येते. म्हणजे तिला काहीच नाही आणि त्याला भलतंच!

मुलींच्या बाबतीत अजून एक गोष्ट सांगते, ही फार कोणी बोलत नाही. रिस्पेरिडोनसारख्या काही अँटिसायकॉटिक गोळ्यांनी प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं आणि पाळी अनियमित होते किंवा थांबते. आणि घरात बऱ्याचदा सगळे म्हणतात बरं झालं, एक कटकट गेली. अहो पण तो साईड इफेक्ट आहे, बराच काळ तसंच राहिलं तर हाडं ठिसूळ होऊ शकतात, आणि पाळी थांबण्याचं कारण गोळीच असेल असंही नाही, गरोदरपणसुद्धा तपासायला लागतं. बहीण आधीच एखादी गोळी घेत असेल तर हे नक्की विचारा.

आता तुम्ही काय करायचं. डॉक्टरांसमोर "गप्प असते" एवढंच म्हणू नका, पूर्वी काय करायची आणि आता काय करत नाही ते लिहून न्या, अगदी बारीकसारीक. झोप, वजन, रडणं, पूर्वी जमायचं ते आता न जमणं, आणि पाळीच्या तारखा त्याच कॅलेंडरवर, कारण कधी कधी ठरावीक दिवसांतच त्रास वाढतो असं त्यातूनच कळतं. आधी शरीर तपासून घ्या: थायरॉइड, दातदुखी, कान, बद्धकोष्ठता, लघवीचं इन्फेक्शन. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉइड तर सोडूच नका. मग स्पष्ट विचारा की हा बदल नवीन आहे, तर तो अक्षमतेमुळे कसा? अक्षमता तर जन्मापासून आहे ना! ग्लासगो डिप्रेशन स्केल नावाची प्रश्नावली खास अशा लोकांसाठीच बनवलीय, तिची एक आवृत्ती काळजी घेणाऱ्यांनी भरायची असते, ती वापरता येईल का विचारा.

आणि तिला काही वेळ एकटीला बोलू द्या, म्हणजे तुम्ही किंवा आई खोलीत नसताना, तिला जिच्याशी मोकळं वाटतं अशा बाईसोबत, चित्रं दाखवून, होकार-नकाराच्या पलीकडचे साधे प्रश्न विचारून, कारण यातल्या बऱ्याच जणी समोरच्याला खूश करायला प्रत्येक गोष्टीला हो म्हणतात. हा आग्रह एवढ्यासाठी की अशा मुलींवर अत्याचाराचं प्रमाण जास्त आहे आणि करणारा अनेकदा ओळखीतलाच असतो. वाईट वाटेल वाचून, पण अचानक गप्प होण्यामागे ते कारण असू शकतं, असेलच असं म्हणत नाहीये मी.

एवढं करूनही तेच उत्तर मिळालं तर डॉक्टर बदला, बौद्धिक अक्षमतेचा अनुभव असलेला सायकॅट्रिस्ट शोधा, नसेलच मिळत तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून सुरुवात करा. फक्त चालू असलेली कुठलीही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. आणि ती जेवणपाणी पूर्ण सोडायला लागली किंवा स्वतःला इजा करायला लागली तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.