गेंडा न बघता काढलेला आणि कंदीलपुष्प न बघता नाव दिलेलं: निसर्गचित्रांबद्दल तुमचे प्रश्न

झाडं, पक्षी, किडे यांची मोजूनमापून काढलेली शास्त्रीय चित्रं आणि त्यासाठी जगभर निघालेल्या मोहिमा, या विषयावर कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांनी भरपूर प्रश्न पाठवलेत. सगळे घेणं शक्य नाही, काही एकत्र केलेत. असं कुठलंही चित्र बघताना मी आधी एकच गोष्ट विचारतो, की काढणाऱ्याच्या समोर नेमकं काय होतं? जिवंत वस्तू, वाळलेला नमुना, की कुणीतरी लिहिलेलं नुसतं पत्र? बहुतेक उत्तरं शेवटी तिथंच येऊन पोचतात.

प्रश्न: सर, ड्यूरर या जर्मन चित्रकाराचं ते चिलखत घातल्यासारखं गेंड्याचं चित्र खूप फेमस आहे. तो गेंडा आपल्याकडचा होता आणि ड्यूररनं तो कधी बघितलाच नव्हता असं ऐकलं, खरं आहे का? (शिवाजी पेठ)

शंभर टक्के खरं. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहानं तो गेंडा पोर्तुगीजांना भेट दिला, तिथनं तो गोव्याला आणि गोव्याहून जहाजानं लिस्बनला गेला, २० मे १५१५ ला पोचला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी बघितलाच नव्हता, त्यामुळं केवढी गर्दी झाली असेल विचार करा. ड्यूरर मात्र तिकडं लांब जर्मनीत न्यूरेंबर्गला बसलेला. त्याच्या हाती आलं लिस्बनहून आलेलं एक पत्र आणि कुणीतरी काढलेलं कच्चं स्केच, बस्स. त्यावरून त्यानं चित्र काढलं, ते लाकडी ठशावर कोरलं गेलं आणि त्याच्या छापील प्रती सगळीकडं पसरल्या. कातडीच्या घड्यांचे झाले चिलखताचे पत्रे, पायावर खवले आले आणि खांद्यावर एक जादाचं छोटं शिंग उगवलं. बिचारा गेंडा पुढच्याच वर्षी पोपला भेट म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला, म्हणजे पडताळायला समोर काहीच उरलं नाही.

आणि मग तेच चित्र दोनशे वर्षांहून जास्त काळ पुस्तकांतनं पुस्तकांत कॉपी होत राहिलं, खांद्यावरच्या शिंगासकट! १७४१ मध्ये क्लारा नावाची भारतातलीच गेंडीण हॉलंडमध्ये उतरली, सतरा वर्षं युरोपभर फिरवली गेली, पॅरिसला १७४९ मध्ये उद्री नावाच्या चित्रकारानं तिला समोर बघून जवळजवळ खऱ्या आकाराची रंगवली, तेव्हा कुठं लोकांच्या डोक्यातला गेंडा बदलायला लागला. पण मी ड्यूररला नावं ठेवणार नाही, हातात जे होतं त्यावरनं त्यानं जे केलं ते अफाटच आहे.

असाच प्रकार स्वर्गीय पक्ष्यांचा, म्हणजे न्यू गिनीकडच्या बर्ड ऑफ पॅराडाईजचा. तिकडचे लोक कातडी तयार करताना पाय काढून टाकायचे, युरोपात पोचायची ती बिनपायाची कातडी, आणि तिकडं समज झाला की हा पक्षी आयुष्यभर हवेतच राहतो, कधी टेकत नाही. प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये त्यातल्या एकाचं नावच बिनपायाचा असं ठेवलं, आणि ते शास्त्रीय नाव आजही चालू आहे.

प्रश्न: मी गारगोटीला बी.एस्सी. बॉटनी करतो. मोबाईलवर एवढा भारी मॅक्रो फोटो येतो तरी जर्नलमध्ये पेन्सिलनं आकृत्या काढायला लावतात. जर्नल सोडा, खऱ्या संशोधनात तरी चित्राचा आज काही उपयोग आहे का?

आहे, आणि तुझ्या जिल्ह्यातलंच उदाहरण देतो. पावसाळ्यात आपल्या पठारांवर कंदीलपुष्पं फुलतात, काही ठिकाणी खरपुडी म्हणतात, शास्त्रीय नाव सेरोपेजिया. शिवाजी विद्यापीठाच्या बॉटनी डिपार्टमेंटनं यांच्या संवर्धनाचं मोठं काम केलंय, तिथं जाऊन नक्की बघ. फूल म्हणजे एक नळी, आत खाली वळलेले केस, बारीक माशी आत शिरते आणि अडकते, केस सुकले की परागकणांच्या गाठोड्या घेऊन बाहेर पडते. आता तू बाहेरून कितीही भारी फोटो काढ, आतला कोरोना म्हणजे नळीच्या तळाशी असलेला तो मुकुटासारखा भाग त्यात येत नाही, आणि जाती वेगळ्या करताना नेमका तोच लागतो. त्यासाठी फूल उभं चिरायचं, डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली ठेवायचं आणि काढायचं. फोटोत एका वेळी एकच पातळी फोकसला असते, एकच रोप आणि एकच क्षण असतो. चित्रात कळी, फूल, शेंग, बी, उभा छेद हे सगळं एका पानावर, मागचं गवत-माती वगळून, प्रत्येकाला स्वतःची स्केल लावून मांडता येतं, म्हणून आजही नवीन जात जाहीर करताना फोटोबरोबर रेखाचित्र दिलं जातं.

याच फुलाची अजून एक गोष्ट. लिनियसनं १७५३ मध्ये यातल्या एका जातीला सेरोपेजिया कँडेलाब्रम हे नाव दिलं तेव्हा तो स्वीडनमध्ये होता, भारतात कधी आलाच नाही. त्यानं ते झाड ओळखलं एका छापील चित्रावरून, हॉर्टस मलबारिकस या डच ग्रंथातल्या. त्या जातीचा अधिकृत नमुना म्हणून आज शास्त्रज्ञ तेच चित्र धरतात, वाळवलेली फांदी नाही! म्हणजे वाद झाला तर शेवटचा शब्द त्या चित्राचा. म्हणून म्हणतो, जर्नलमधली आकृती पुस्तकातनं उतरवू नकोस, समोरच्या फुलावरनं काढ. पुस्तकातनं उतरवलीस तर ते ड्यूररच्या शिंगासारखंच चालू राहतं.

प्रश्न: मी जी.डी. आर्ट करतेय. पन्हाळ्याला रानफुलं रंगवायला बसले की तासाभरात फूल मान टाकतं आणि रंग बदलतो. कॅमेरा नव्हता तेव्हा हे लोक जहाजावर, जंगलात कसं करत असतील?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण यात खरी कारागिरी आहे.

कॅप्टन कुकच्या एन्डेव्हर जहाजावर (१७६८ ते १७७१) सिडनी पार्किन्सन नावाचा तरुण चित्रकार होता. ऑस्ट्रेलियात उतरल्यावर मोहिमेतले निसर्गशास्त्रज्ञ बँक्स आणि सोलँडर रोज इतकी झाडं आणायचे की एकेक पूर्ण रंगवणं अशक्यच होतं. मग त्यानं काय केलं, सगळ्या झाडाचा पेन्सिलीचा आराखडा काढायचा, त्यातलं एकच पान, एकच फूल रंगवायचं आणि बाकीच्या रंगाच्या नोंदी लिहून ठेवायच्या. परतीच्या वाटेवर जानेवारी १७७१ मध्ये तो हगवणीनं जहाजावरच वारला, पंचविशीतला पोरगा, आणि मागं झाडांची नऊशेहून जास्त चित्रं. लंडनमध्ये दुसऱ्या चित्रकारांनी त्याच्या नोंदींवरून अर्धवट चित्रं पुरी केली. तांब्याच्या सातशेहून जास्त प्लेट कोरून झाल्या, पण बँक्सनं त्या छापल्याच नाहीत, पूर्ण रंगीत संच बाहेर पडायला १९८० चं दशक उजाडलं.

दुसरा फर्डिनांड बाउअर. हा तर जागेवर रंगच लावायचा नाही. पेन्सिलच्या चित्रावर प्रत्येक भागात बारीक आकडे लिहायचा, प्रत्येक आकडा म्हणजे एक ठरलेली छटा. ग्रीस-तुर्कस्तानच्या प्रवासातली स्केचेस त्यानं ऑक्सफर्डला परत आल्यावर त्या आकड्यांवरून रंगवली, ती आज बघितली तरी पाकळी ओली वाटते. नंतर तो कॅप्टन फ्लिंडर्सबरोबर ऑस्ट्रेलियाच्या मोहिमेवर गेला तेव्हा त्याच्या छटा जवळपास हजारावर गेल्या होत्या.

आणि सगळ्यांनाच बाउअर होता येत नाही म्हणून १८१४ मध्ये पॅट्रिक साइम या चित्रकारानं रंगांच्या नावांचं एक छोटं पुस्तक काढलं. पुढच्या आवृत्तीत ११० रंग, प्रत्येकाचा हातानं रंगवलेला तुकडा आणि समोर तो रंग कुठल्या प्राण्यात, झाडात, खनिजात दिसतो ते. डार्विन बीगल जहाजावर हे पुस्तक घेऊन गेला होता, त्याला स्वतःला चित्र फारसं जमत नव्हतं पण रंग मात्र तो या नावांनी नेमका लिहू शकायचा.

तुझ्यासाठी यातनं निघणारी गोष्ट अशी, की फूल दिसल्यावर आधी आकार नाही, आधी रंग. पानाच्या कोपऱ्यात छटेचे चौकोन लावून घे, कुठल्या ट्यूबमधले कुठले रंग किती मिसळले ते शेजारी लिही, आणि सावलीत बस, उन्हात रंग फसवतो. आकार नंतर घरी बसूनही नीट करता येतो, गेलेला रंग परत येत नाही.

प्रश्न: या सगळ्या गोष्टीत आपले लोक कुठं आहेत? सगळी नावं गोऱ्यांचीच का? (मलकापूर, शिक्षक)

सर, आपले लोक आहेत, चिक्कार आहेत. मी दोन गट करून बघतो, नाव राहिलेले आणि नाव गेलेले.

नाव राहिलेल्यांत पहिला उस्ताद मन्सूर, जहांगीरचा चित्रकार. बादशहाला प्राणी-पक्ष्यांचं प्रचंड वेड, कुठूनही काही नवीन आलं की मन्सूरला बोलावणं. सायबेरियन क्रौंच पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळालं १७७३ मध्ये, मन्सूरनं तो त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी रंगवलेला. मॉरिशसच्या डोडोचं एक रंगीत चित्रही त्याचंच मानतात, आणि आता नामशेष झालेल्या त्या पक्ष्याच्या भरवशाच्या चित्रांत त्याची गणना होते, कारण मन्सूरसमोर बहुधा जिवंत पक्षी होता.

मग कलकत्त्याला मेरी इम्पी या इंग्रज न्यायाधीशाच्या बायकोच्या घरी काम करणारे पाटण्याचे शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. १७७७ ते १७८२ मध्ये तिघांनी मिळून तीनशेच्या वर चित्रं केली आणि त्यावर त्यांची नावं आहेत. मद्रासकडं रॉबर्ट वाइट या डॉक्टरसाठी रंगय्या आणि गोविंदू यांनी हजारो झाडं रेखाटली, छापील प्लेटवर त्यांचं नाव येतं, आणि एका ऑर्किडच्या प्रजातीला तर वाइटनं गोविंदूचंच नाव दिलं. तंजावरचे आपले सरफोजीराजे दुसरे, त्यांनीही पशुपक्ष्यांची चित्रं करून घेतली, त्यातली काही आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आता नाव गेलेले. पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारची बाग होती, अलेक्झांडर गिब्सन तिचे प्रमुख. तिथं १८४७ ते १८५० मध्ये एका चित्रकारानं झाडांची दीडशेहून जास्त सुंदर चित्रं काढली, ती एडिंबरोच्या बागेत जपून ठेवलीत. चित्रकार भारतीय-पोर्तुगीज होता एवढं कळतं. नाव नाही. मला हे खरंच टोचतं, कारण बागेच्या साहेबाचं नाव राहिलं आणि ज्याच्या हातानं पान उमटलं त्याचं गेलं.

मगाशी ज्या हॉर्टस मलबारिकसबद्दल लिहिलं ते तर तुम्ही मुलांना वर्गात दाखवाच. कोचीनचा डच गव्हर्नर व्हॅन रीड यानं करवून घेतलेले बारा खंड, ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ मध्ये छापलेले, सातशेहून जास्त झाडं. माहिती सांगणारे होते वैद्य इट्टी अच्युतन आणि तीन कोंकणी वैद्य, रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. या तिघांनी दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोंकणी भाषेत, नागरी लिपीत छापलंय आणि बऱ्याच चित्रांवर झाडाचं नाव नागरीतही आहे. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर हे खंड फुकट बघता येतात, प्रोजेक्टरवर लावा, मुलं साडेतीनशे वर्षांपूर्वीची अक्षरं स्वतः वाचतील.

प्रश्न: जुन्या बाजारात पक्ष्याचं एक चित्र मिळालं, विकणारा म्हणतो दीडशे वर्षं जुनं आहे. कसं ओळखायचं? (राजारामपुरी)

भिंगातून बघा. एकसारख्या बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ऑफसेटची अलीकडची कॉपी. तांब्याच्या प्लेटवरचं असेल तर चित्राभोवती कागद दाबल्याची चौकोनी कड बोटाला लागते. दगडावरच्या छपाईला, म्हणजे लिथोला, अशी कड नसते, त्यामुळं कड नाही म्हणून लगेच खोटं ठरवू नका, इंग्रज चित्रकार एलिझाबेथ गूल्डनं काढलेले हिमालयातले पक्षी लिथोच आहेत. हातानं भरलेला रंग कुठंकुठं रेषेबाहेर जातो. एवढं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न: माझी बारा वर्षांची मुलगी दिवसभर अळ्या आणि किडे काढत बसते, घरातले म्हणतात हे काय पोरीचं काम आहे का. तिला दाखवायला कुणी आहे का? (कागल)

आहे, मारिया सिबिला मेरियन. जन्म १६४७, फ्रँकफर्ट. पोरवयातच रेशमाचे किडे पाळून त्यांची चित्रं काढायची. १६९९ मध्ये, वय ५२, धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेत सुरिनामला गेली, कुठल्या राजानं पाठवली नव्हती, स्वतःची चित्रं विकून पैसे उभे केलेले. दोन वर्षांनी आजारी पडून परतली आणि १७०५ मध्ये ६० चित्रांचं पुस्तक काढलं. तिच्या आधी बहुतेक चित्रांत किडा म्हणजे टाचणी लावलेला मेलेला किडा, तिनं अंडं, अळी, कोष, फुलपाखरू आणि ती अळी जे झाड खाते ते झाड हे सगळं एका चित्रात आणलं. पक्षी खाणारा कोळी काढला म्हणून लोकांनी तिला खोटं ठरवलं, दीडशेहून जास्त वर्षांनी बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानं ॲमेझॉनमधून लिहिलं की हो, असं घडतं.

तिच्या पुस्तकात आपल्या परसात असतो त्या शंकासुराचंही चित्र आहे. तिथल्या गुलाम बायकांनी तिला सांगितलं होतं की आमची लेकरं गुलामीत जन्मू नयेत म्हणून आम्ही याच्या बिया खातो, आणि तिनं ते तसंच लिहून ठेवलं. मुलगी थोडी मोठी झाली की हेही तिला सांगा.

आत्ता एवढं करा, कढीपत्त्यावर किंवा लिंबावर फुलपाखराची अळी मिळते, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि नंतर हिरवीगार होते. ती त्याच झाडाच्या फांदीसकट जाळीच्या डब्यात ठेवा, रोज ताजी पानं द्या. साधारण महिन्याभरात अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळं होतं. तिला रोज एक चित्र काढू दे, खाली तारीख आणि शेजारी मिलिमीटरमध्ये लांबी. रुईच्या झाडावर पट्ट्यापट्ट्याची अळी असते तीही चालेल, फक्त रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. आणि राधानगरी-दाजीपूरला फिरायला गेलात तर तिथलं काही उचलून आणायचं नाही, ते अभयारण्य आहे, तिथं वही उघडायची, जागेवर बसून काढायचं आणि अळी आहे त्या पानावर तशीच सोडायची.